बियांचे डाळिंब

ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलेले मूल जन्मानेच ख्रिस्ती होते काय? आणि ते मोठे होऊन आपल्यासारखे निघाले नाही, तर आपले श्रम व्यर्थ गेले असे समजावे काय? ज्यांस हा प्रश्न छळतो त्यांनी अंगणात डाळिंबाचे बी लावून पाहावे, असे आम्हांस वाटते.

संगमनेर तालुक्यात डाळिंबाच्या बागा पुष्कळ आहेत. परंतु बागाईतदार सहसा बी लावीत नाहीत. चांगल्या झाडाच्या फांदीची साल कड्यासारखी काढून तेथे ओले शेवाळ बांधतात, आणि मुळे फुटली म्हणजे फांदी कापून लावतात. हीच गुटी. गुटीचे झाड आईसारखेच निघते व लवकर फळते. ज्याचे पोट बागेवर आहे त्याने असेच करावे. तथापि एकसारख्या झाडांचा दुबळेपणाही एकसारखाच असतो. तेल्या रोग आला म्हणजे साऱ्या बागेस त्याचे भय.

बियांची रीत निराळी. पिकलेल्या फळाचे दाणे चोळून धुवावे, बी सावलीत सुकवावे व भुसभुशीत मातीत अर्धे बोट खोल पेरावे. ओल असावी, पाणी साचू नये. काही आठवड्यांनी कोंब दिसतो. मग फळासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते. आणि ते गोड येईल की आंबट, हे कोणासही आधी सांगता येत नाही.

मग असले बी लावावेच का? ऐका. १९३६ साली डॉ. जी. एस. चीमा ह्यांनी पुण्यात आळंदी जातीच्या डाळिंबाच्या बियांपासून झालेल्या रोपांतून एक झाड निवडले. आळंदीचे बी कठीण. ह्या लेकराचे मऊ निघाले. तीच गणेश जात होय. पुढे राहुरीच्या कृषि विद्यापीठाने तयार केलेल्या मृदुला व भगवा ह्या जातींतही गणेशचा वंश आहे. प्रत्येक रोप आईची नक्कल असते, तर ह्यांतले काहीच घडले नसते.

पुष्कळ आईबाप विश्वासाची गुटी बांधू पाहतात. मंडळीच्या नोंदवहीत नाव घातले, आपले आडनाव दिले, की झाले! परंतु विश्वास प्रत्येकाच्या अंतःकरणात बियांतूनच उगवावा लागतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. पतीचा विश्वास त्यांच्यावर बांधता आला नाही. त्यांचा त्यांनाच तो सापडावा लागला. तीमथ्याचा विश्वासही आधी त्याच्या आजीत व आईत होता, असे पौल लिहितो; परंतु तो तीमथ्याचा म्हणूनच मोजला गेला.

कोणी म्हणेल, “तर मग शिकवावे कशाला?” वाचकहो, फळ आपल्या हाती नाही म्हणून कोणी रोप शेळीपुढे टाकीत नाही. कुंपण घालणे, पाणी देणे, तण काढणे हे आपल्याकडेच आहे. घरातील प्रार्थना, खरे बोलणे, मजुरास वेळेवर दाम देणे, हेच ते पाणी. आपण जे करावयाचे ते न करता देवावर भार टाकणे हा आळस होय. आणि जे देवाचे आहे ते आपण करू पाहणे हा गर्व होय.

ज्याचा मुलगा आज उपासनेस येत नाही, त्याने अजून झाड तोडू नये. तो मुलगा दारी आला म्हणजे त्यास आधी जेवू घालावे, दोष मागाहून काढावा. बियांचे झाड उशिरा फळते.