विनोदाचे वय

एखादी विनोदी मालिका वर्षानुवर्षे चालत राहिली, की तिच्याविषयी एक वाक्य हमखास कानी पडू लागते : "आता पूर्वीची मजा राहिली नाही." हे नाटकाविषयी बोलले जाते, वर्तमानपत्रातील चित्रमालिकेविषयी बोलले जाते, आणि दूरचित्रवाणीवरील कार्टूनविषयी तर फारच सहजपणे बोलले जाते. बोलणारा बहुधा अठरा-वीस वर्षांचा असतो, आणि ज्या 'पूर्वी'चा तो उसासा टाकून उल्लेख करतो, ती फार तर बारा-तेरा वर्षांपूर्वीची असते. या उद्गारात खरे किती आणि गेलेल्या बालपणाची हळहळ किती, हे निवडून पाहावयास बसले म्हणजे प्रश्न वाटला तितका हलका राहत नाही.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, परंतु त्याचा शेजार खानदेशाचा. येथील मराठी घरांत मोठी माणसे आपसांत मराठी बोलतात, उंबऱ्याबाहेर हिंदी बोलतात, आणि बाजारात उर्दूची लकब नकळत जिभेवर येते. मुलांचा विनोद मात्र बहुतांशी हिंदीतून येतो, आणि त्यात एक मोठा वाटा 'मोटू पतलू' या जोडीचा आहे. 'लोटपोट' या हिंदी बालनियतकालिकातून आलेली ही जोडी २०१२ च्या ऑक्टोबरात निकलोडियन वाहिनीवर अवतरली. कॉसमॉस-माया या चित्रशाळेने ती घडविली. २०१६ साली तिच्यावर निघालेला चित्रपट सुहास कडव यांनी दिग्दर्शित केला. मोटू आणि पतलू या दोघांचेही आवाज सौरव चक्रवर्ती या एकाच कलावंताचे आहेत, ही गोष्ट पुष्कळ मुलांना सांगितली तरी पटत नाही. फुरफुरी नगर, चहावाल्याचे समोसे, इन्स्पेक्टर चिंगम, डॉक्टर झटका, चोरी करून नेहमी फसणारा जॉन, आणि कोणत्याही कामात आपल्याला वीस वर्षांचा अनुभव असल्याचे सांगणारा घसीटाराम, असा हा संसार. तेराहून अधिक वर्षे तो चालू आहे.

या नगरात काळ नाही. दर भागाच्या शेवटी पाटी कोरी होते. काल कोसळलेले घर आज उभे असते, काल घडलेली अद्दल आज कोणाच्या लक्षात नसते. आपल्या जुन्या विनोदी वाङ्मयातील पात्रांची गोष्ट निराळी होती. चि. वि. जोशी यांचा चिमणराव 'एरंडाचे गुऱ्हाळ' (१९३२) आणि 'चिमणरावाचे चऱ्हाट' (१९३३) या पुस्तकांतून मराठी घरांत आला, आणि काळाच्या ओघात आपल्यासारखाच वाहत गेला. त्याचे लग्न झाले, मुले झाली, संसाराची ओढाताण वाढली. वाचक त्याच्याबरोबर वयाने वाढला. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी मुंबई दूरदर्शनवर चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले, तेव्हा ते पाहण्यासाठी एकाच खोलीत आजोबा आणि नातू बसत. चिमणरावाची फजिती त्याला काहीतरी किंमत द्यावयास लावीत असे. मोटूच्या फजितीची किंमत पुढच्या भागापर्यंत माफ झालेली असते.

तथापि केवळ पुनरावृत्ती हा दोष मानणे मला मान्य नाही. लहान मूल तीच गोष्ट त्याच शब्दांत पुन्हा मागते. आजीने एक शब्द बदलला तरी हटकते. मोठ्यांचेही असेच. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक १९८० साली रंगभूमीवर आले आणि त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. २००७ साली निधन पावेपर्यंत मच्छिंद्र कांबळी आणि 'वस्त्रहरण' ही नावे एका दमात उच्चारली जात. कोकणातल्या गावकऱ्यांनी द्रौपदी-वस्त्रहरणाचे नाटक बसवावयाचे आणि त्याचा बोजवारा उडावयाचा, ही कथा प्रेक्षकांना तोंडपाठ असे. तरी ते येत. गोव्याच्या आणि मुंबईच्या गोवेकरांचा तियात्र १८९२ पासून चालत आला आहे. त्याचा साचा ठरलेला : पडदे ठरलेले, मध्ये येणारी कांतारां ठरलेल्या जागी. परंतु त्या कांतारांत कालपरवाचे राजकारण, महागाई, मंत्र्याची थाप असे सगळे येते, आणि जे येते ते समोर बसलेल्या माणसांच्या तोंडावर म्हणावे लागते. नट चुकला, शिळा झाला, तर ती गोष्ट त्याला त्याच रात्री कळते. सभागृहातील शांतता विनोदी नटाला सर्वांत आधी ऐकू येते.

कार्टून करणाऱ्याला ती कधीच ऐकू येत नाही. येथे या कलेच्या घडणीकडेही पाहिले पाहिजे. संगणकावरील चित्रमालिकेत पात्राचा पुतळा एकदा बांधला, त्याचे सांधे एकदा बसविले, रस्ते आणि घरे एकदा उभारली, की तीच सामग्री पुढे शेकडो भागांत वापरता येते. चालणे, दचकणे, धावता धावता हवेत थांबणे, या हालचालीही साठवून ठेवता येतात. मालिका स्वस्त आणि वेगवान होते ती त्यामुळेच, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कुंभारही चाक रोज नवे घडवीत नाही. परंतु जे अवयवांच्या बाबतीत सोयीचे असते, ते मनाच्या बाबतीतही करण्याचा मोह होतो. मोटूला भूक लागली, त्या भुकेपोटी त्याने नको ती गोष्ट कबूल केली, आणि त्या कबुलीतून पतलूला वाट काढावी लागली, तर तेथे समोसा कथेचा प्राण असतो. समोसा तोंडात जाताच मोटूच्या अंगात बळ येते आणि जॉन उडून पडतो, हे एकदा ठरून गेले, की तोच समोसा एक किल्ली होतो. कथा अडली की किल्ली फिरवावयाची. स्वभावाची लकब होते, लकबीची खूण होते, आणि खूण दिसली की हसावयाचे अशी सवय प्रेक्षकाला लागते. मालिकेचा दर्जा उतरला म्हणावयाचे ते येथे, असे माझे मत आहे. अशा उतरलेल्या भागांची संख्या मला या मालिकेत वाढलेली दिसते, अधूनमधून एखादा भाग अवचित चांगला निघतो तरीही.

पण माझ्या दिसण्याला किंमत किती? हा खटला चालवावयाचा तर साक्षीदार कोण आणावेत? २०१२ साली सहा वर्षांचे असलेले मूल आज वीस ओलांडण्याच्या बेतात आहे. त्याला जुने भाग आठवतात, परंतु ज्या डोळ्यांनी त्याने ते पाहिले ते डोळे आता त्याच्यापाशी नाहीत. आज सहा वर्षांचे असलेले मूल ताज्या डोळ्यांनी पाहते, परंतु त्याला तुलनेसाठी काहीच माहीत नाही. त्याला आजचा भाग हाच पहिला. एका साक्षीदाराला स्मृती आहे आणि दृष्टी नाही, दुसऱ्याला दृष्टी आहे आणि स्मृती नाही. समीक्षकाची गोष्ट तर बोलावयासच नको. समोशावर हसण्याचे त्याचे वय कधीच टळून गेले आहे.

राहिला तिसरा साक्षीदार, स्वतः कर्ता. कालच्या भागासाठी आपण तीन वेळा कथा खोडली होती आणि आजच्यासाठी एकदाही खोडली नाही, हे त्याला ठाऊक असते. पाहणारे मूल दोन्हींना सारखेच हसणार आहे, हेही त्याला ठाऊक असते. म्हणून दर्जाचा हा प्रश्न रसिकतेच्या दालनातून उठून नीतीच्या दालनात येऊन बसतो : ज्याला फरक कळणार नाही, त्याला उत्तम देण्याचे बंधन आपल्यावर आहे काय?

बऱ्हाणपूरची मावा जिलेबी प्रसिद्ध आहे. जाड, काळसर तपकिरी, पाकाने जड झालेली ही जिलेबी ज्याने कधी चाखली नाही, अशा प्रवाशाला तिच्यात मावा किती आणि भेसळ किती हे कसे कळावे? तो गोड लागले म्हणून खूष होऊन गाडीत बसेल. हलवायाला सरळ ठेवतो तो त्याच्या शेजारी उभा असलेला गावातला गिऱ्हाईक. तो दर आठवड्याला येतो, पहिल्या घासाला भुवई चढवतो, आणि त्याच्या भुवईच्या धाकाने प्रवाशालाही अस्सल माल मिळतो. मुलांच्या मालिकेचे दुर्दैव असे, की तिचे सगळेच गिऱ्हाईक प्रवासी आहेत. चार-पाच वर्षे पाहिले, वय वाढले, की ते उठून जातात. त्यांच्या जागी दुसरे येतात. मालिका त्यांच्यामुळे चिरतरुण राहते, आणि त्यांच्यामुळेच तिला कोणाची भीड उरत नाही.

जपानमधील 'साझाए-सान' ही मालिका १९६९ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि अद्याप दर रविवारी संध्याकाळी दाखविली जाते. दूरचित्रवाणीवरील सर्वांत दीर्घकाळ चाललेली चित्रमालिका म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. मूळ चित्रकथा काढणाऱ्या माचिको हासेगावा १९९२ साली वारल्या. पण नायिकेचा आवाज मिदोरी कातो यांनी १९६९ पासून दिला. तिच्यातही कोणी म्हातारे होत नाही. परंतु ती सबंध घराने एकत्र पाहावयाची मालिका आहे : जेवणाची वेळ, ऋतूंचे सण, शेजाऱ्यांशी होणारे गैरसमज हाच तिचा ऐवज. तिला प्रवासी आहेत आणि गावकरीही आहेत. आपल्याकडे १९९१ साली 'सकाळ'मध्ये आलेला चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' लहानच राहिला. पण ज्या वर्तमानपत्रात तो आला ते घरातल्या बापाच्याही हातात असे, आणि चिंटूचा दिवस साधला की फसला हे चहाच्या वेळी ठरत असे.

एवढ्यावरून जुना गिऱ्हाईक असला की दर्जा राहतोच, असा सिद्धान्त मात्र काढता येणार नाही. अमेरिकेतील 'द सिम्पसन्स' ही मालिका १९८९ च्या डिसेंबरात सुरू झाली. तिचे साडेसातशेहून अधिक भाग झाले असून बार्ट हा मुलगा अजून दहाच वर्षांचा आहे. तिला निष्ठावंत, जाणकार, भाग पाठ असलेले प्रेक्षक लाभले. तरीही पहिल्या आठ-नऊ वर्षांनंतर ती घसरली असे म्हणणारेही मुख्यतः तेच. जाणकारांच्या ओळखीची भुवई नेहमीच उपयोगी पडते असे नाही. कधी कर्ता त्या भुवईकडे पाहूनच लिहू लागतो, जुन्या भागांची आठवण करून देणारे विनोद जाणकारांसाठी पेरतो, आणि समोर बसलेल्या नवख्याला विसरतो. हलवायाने फक्त ओळखीच्या माणसाशीच गप्पा माराव्यात आणि प्रवाशाला ताटकळत ठेवावे, तसाच हा प्रकार.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. कोणी म्हणेल, या मालिकांवर शेकडो तरुणांची पोटे चालतात. चित्र काढता येते म्हणून घरच्यांची बोलणी खाणाऱ्या मुलांना या धंद्याने नोकऱ्या दिल्या. मालिका थोडी पातळ झाली तर कोणाचे काय बिघडले? मूल हसले, घर शांत राहिले, कारागिराला पगार मिळाला. मला हा आक्षेप खोटा वाटत नाही, आणि म्हणूनच "वेळीच थांबावे" हा सभ्य सल्ला मी देणार नाही. थांबण्याचे वैभव एकट्या लेखकाला परवडते. दीडशे माणसांच्या चित्रशाळेला परवडेलच असे नाही. परंतु बिघडत काहीच नाही, हे मात्र खरे नव्हे. कशाला हसावे हे मूल हसता हसताच शिकते. माणसाच्या हव्यासातून त्याची फजिती कशी उगवते, हे पाहून हसणारे मूल माणसाविषयी काहीतरी समजून घेत असते. जाड माणूस धपकन पडला एवढ्यालाच हसणारे मूल फक्त जाड माणसाला हसत असते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या जाड मुलाला. दोन्ही हसणी दुरून सारखीच ऐकू येतात.

याच शहराच्या उत्तरेस कुंडी भंडारा आहे. अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना, सुमारे १६१५ साली, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारातून शहरात आणण्याची ही योजना झाली. शंभराहून अधिक कुंड्या त्या भुयाराने एकमेकींना जोडल्या आहेत. वर उभे राहून घागर भरणाऱ्या बाईला खालचे भुयार दिसत नसे. ते नीट खोदले आहे की कसेबसे, हे तिने कधी तपासले नाही, आणि तिला ते तपासताही आले नसते. खाली मात्र कोणीतरी दिव्याच्या उजेडात उतार मोजून खोदले, म्हणून चार शतकांनंतरही पाणी वाहते आहे. भिंतींवर चुन्याचे थर चढत राहतात, वाट अरुंद होत जाते. ते खरवडून काढण्याचे कामही तितकेच अदृश्य, आणि ते टाळले तरी वरच्या माणसाला कित्येक वर्षे पत्ता लागणार नाही.

अलीकडे घरातले मूल कार्टून पाहते ते बहुधा एकटेच, हातातल्या फोनवर, कानात बोंडे घालून. शेजारी बसून "अरे, हा तर गेल्या वेळचाच" असे म्हणणारा काका तेथे नसतो. मूल हसले तर का हसले, हेही कोणी विचारीत नाही. तिकडे चित्रशाळेत लेखकापुढे पुढच्या भागाचा कागद असतो आणि समोसा हाताशी असतो. घसीटाराम प्रत्येक कामात आपला वीस वर्षांचा अनुभव सांगतच आहे. मालिका अशीच चालत राहिली, तर २०३२ साली त्याची ही बढाई अक्षरशः खरी ठरेल. त्या वर्षी ती प्रथमच ऐकून हसणारे मूल अजून जन्मावयाचे आहे.