मेलेल्याच्या वतीने माफी

2005 साली ॲटलांटाचा रॅपर गूची मेन याने यंग जीझीला सोबत घेऊन 'आयसी' हे गाणे काढले. संगीत झेटोव्हनचे. गाणे गाजले आणि ते कुणाच्या अल्बमवर जायचे, पैशांचे काय, यावरून दोघांचे फाटले. जीझीने दुसऱ्या एका गाण्यातून गूचीच्या गळ्यातली साखळी आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलर जाहीर केले. त्याच वर्षी मे महिन्यात एका घरात काही जण गूचीवर चालून गेले, त्याने गोळी झाडली आणि जीझीच्या गोटातला एक तरुण रॅपर मेला. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली, असे गूचीचे म्हणणे. खुनाचा आरोप पुढच्या जानेवारीत पुराव्याअभावी मागे घेतला गेला. हल्ल्याबद्दल जीझीवर कधी खटला झाला नाही. पुढे 19 नोव्हेंबर 2020 रोजी 'व्हर्झझ' या ऑनलाइन कार्यक्रमातल्या जुगलबंदीसाठी दोघे ॲटलांटातल्याच 'मॅजिक सिटी' क्लबात समोरासमोर आले. गूचीने 'ट्रूथ' हे त्या मृताची टर उडवणारे 2012 सालचे गाणे मुद्दाम लावले. जीझी हातघाईवर आला नाही. दोनच आठवड्यांपूर्वी याच शहरात गोळीबारात गेलेल्या रॅपर किंग व्हॉनचे नाव घेऊन, ही पोरे आपलेच पाहून असे वागतात, या अर्थाचे तो बोलला. शेवटी दोघांनी मिळून 'आयसी' गायले आणि पाहणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

या शेवटाला क्षमा म्हणायला मी तयार नाही. साखळी, पैसा, अपमान हे दोघांचे आपसातले देणेघेणे होते, ते त्यांनी खुशाल सोडून द्यावे. पण गेलेल्या जिवाचा हिशेब त्या दोघांपैकी कुणाच्याच खात्यावर नव्हता. माणसाने माणसाचा केलेला अपराध, त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासानेही फिटत नाही, असे ज्यू धर्मशास्त्र सांगते. भागवतातली द्रौपदीही इथे आठवावी. तिच्या झोपलेल्या पाच मुलांना मारणारा अश्वत्थामा बांधून समोर आणला, तेव्हा ती त्याला सोडायला सांगते. तिचे एक कारण असे, की आपण रडतो तशी त्याची आई गौतमी रडू नये. मुलांनी माफ केले असे ती म्हणत नाही. जन्मदात्या आईने जो अधिकार स्वतःकडे घेतला नाही, तो मंचावरच्या दोन गायकांना आपण टाळ्या वाजवून देऊन टाकतो.

यावर कुणी म्हणेल, मृताच्या होकारासाठी अडून बसलो तर जगातले एकही वैर संपायचे नाही. खरे आहे, पण वैर संपायला क्षमा लागतेच कुठे? तह पुरतो, आणि तह करायला जिवंत माणसे पुरेशी असतात. त्या रात्री तह झाला, त्यामुळे आणखी कुणाचा जीव वाचला असेल तर त्याचे मोल मोठेच आहे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: गूचीवरच हल्ला झाला होता, मग त्याने माफी मागायची कशाची? गोळीची नसेलही. पण जीव वाचवणे वेगळे, आणि सात वर्षांनी मेलेल्यावर गाणे रचून पुढे ते त्याच्याच मित्रासमोर वाजवणे वेगळे. तिथे स्वसंरक्षणाची सबब चालत नाही. त्याची भरपाई आता एकाच मार्गाने होऊ शकते, ते थांबवण्याने. 2022 साली गूचीने 'डिसिन द डेड' हे गाणे काढले आणि मेलेल्यांची टर उडवणे आपण सोडत आहोत, असे त्यात सांगितले.