मुदत सरलेली मोहर

मोहन्यास राहणारे आमचे एक स्नेही आपल्या गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार आहेत. हिशेबाची नवी आज्ञावली संगणकावर चढविताना संगणकाने त्यांस हटकले : हिच्यावरील सहीचे प्रमाणपत्र मुदतबाह्य आहे. विक्रेता म्हणाला, "संगणकाची तारीख वर्षभर मागे घ्या, मग तो काही बोलणार नाही." स्नेह्यांनी आम्हांस विचारले, ह्यात वावगे ते काय? विक्रेता ओळखीचा, माल तोच. मध्यरात्री मुदत सरली म्हणून सज्जन मनुष्य चोर होतो की काय?

होत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मोहर ही सज्जनाच्या समाधानासाठी नसते. जो त्यास ओळखत नाही त्याच्यासाठी असते. प्रमाणपत्र म्हणजे तिऱ्हाइताने दिलेली ग्वाही, आणि ग्वाही जन्मभराची देता येत नाही. सही करण्याची गुप्त किल्ली चोरीस जाऊ शकते. मुदत सरल्यावर तिच्यावर पहारा ठेवणारा कोणी उरतोच असे नाही. मामलेदाराने नोकरीत असताना केलेली सही तो निवृत्त झाल्यावरही खरीच राहते. निवृत्तीनंतर मागील तारीख घालून केलेली मात्र खोटी. म्हणूनच सहीसोबत विश्वसनीय काळनोंद असेल, तर पुढे प्रमाणपत्र सरले तरी ती सही टिकते.

2022 साली एन्व्हिडिया ह्या अमेरिकन कंपनीची दोन प्रमाणपत्रे किल्ल्यांसह चोरीस गेली. दोन्ही केव्हाच मुदतबाह्य झालेली. तरी घातक आज्ञावलींवर त्यांच्या सह्या उमटल्या. जुनी यंत्रे अडू नयेत म्हणून विंडोजने ठेवलेली सवलत अशा सह्यांना वाट देत होती. जुन्यांवरील दया चोरांचे दार झाली.

कडकपणासही किंमत पडते, हे खरे. मे 2019 मध्ये मोझिलाचे एक प्रमाणपत्र सरले आणि फायरफॉक्सच्या निरुपद्रवी पूरक आज्ञावली जगभर बंद पडल्या. परंतु मोझिलाने नवे प्रमाणपत्र दिले. लोकांस घड्याळे मागे फिरविण्यास सांगितले नाही. चूक आणि लबाडी ह्यांतील अंतर ते एवढेच.

शिवकालीन पत्राच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा उमटे. तिच्यापुढे अक्षर वाढविता येत नसे. मोहरेचे बळ तिच्या मर्यादेतच असते. आमच्या स्नेह्यांनी तारीख मागे घेतली नाही. नव्या सहीची प्रत मागविली. पैसा स्वतःचा असता तर कदाचित त्यांनी धोका पत्करलाही असता. पण तो शेजाऱ्यांचा होता.