शपथ, जामीन आणि असई

तह शब्दावर टिकतो की जामिनावर? अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात कौटिल्य या प्रश्नावर आधीच्या आचार्यांशी उघड मतभेद नोंदवतो. आचार्य म्हणतात, शपथेवरचा संधी, म्हणजे तह, डळमळीत. जामीन किंवा ओलीस घेतला की तो पक्का. कौटिल्याला हे मान्य नाही. शपथ इहलोकी आणि परलोकीही बांधते. जामीन इहलोकापुरताच, तोही बळ असेल तोवर. जुने राजे अग्नी, पाणी, नांगराचा तास, घोड्याची पाठ यांना स्पर्श करून शब्द देत, असे तो सांगतो. हेर आणि विषप्रयोग यांवर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिणाऱ्याचे हे मत आहे, म्हणून त्याला वजन आहे.

या वादाची किंमत जालना जिल्ह्याच्या मातीने मोजली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हिंदुस्थान बहुध्रुवीय, म्हणजे अनेक सत्ताकेंद्रांचा होता. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, निजाम, म्हैसूर, इंग्रजांची कंपनी. १७८२ च्या सालबाईच्या तहाला महादजी शिंदे दोन्ही बाजूंचे जामीन राहिले आणि मराठे-इंग्रज युद्ध वीस वर्षे थांबले. महादजी १७९४ मध्ये गेले, नाना फडणवीस १८०० मध्ये. मग घरातलाच विश्वास आटला. पेशवा दुसऱ्या बाजीरावाने यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी यांना हत्तीच्या पायी दिले. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतरावांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत त्याने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. कौटिल्याने सांगितलेल्या परराष्ट्रनीतीच्या सहा गुणांत संधी वेगळा आणि बलवानाचा आसरा घेणे, म्हणजे संश्रय, वेगळा. वसईला झाला तो संश्रय.

शिंदे-भोसल्यांना वसईचा तह मान्य नव्हता. पुढच्या सप्टेंबरात इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. २३ तारखेला त्याच जिल्ह्यातल्या असईला, केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांना हरवले. त्याचीही दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. त्यांत मद्रासचे देशी शिपाई कितीतरी होते. यशवंतराव होळकर मदतीला आले नाहीत. भावाचा जीव गेल्यावर त्यांनी यावे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? पुढच्या वर्षी ते लढले, तेव्हा शिंदे आणि भोसले तहाने बांधले गेले होते.

सत्ताकेंद्रे वाढली की जग सुरक्षित होईल, असे आज ऐकू येते. असईचा अनुभव तसा नाही. आजचाही तसा नाही. १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने सोव्हिएत काळातली अण्वस्त्रे सोडण्याचे मान्य केले. अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी वचन दिले. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, २०२२ मध्ये सगळ्या देशावर चाल केली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकारही रशियाच्याच हाती. वचन देणाराच चालून आला, तर दाद कुठे मागायची?

परलोकाचा धाक आता कोणत्याच परराष्ट्र खात्याला नाही. उरतो तो स्वतःच्या नागरिकांचा. म्हणून शेजाऱ्याला दिलेला शब्द आपल्या सरकारने पाळला का, हे प्रत्येक देशात आधी तिथल्या लोकांनी विचारले पाहिजे. आणि आपल्या शाळांत असईची लढाई शिकवताना सालबाई आणि वसईचे तहही मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवावेत.