जुन्या मताचा माणूस

‘अमके गृहस्थ जुन्या मताचे आहेत,’ असे आपण सहज म्हणतो, आणि ऐकणाऱ्यालाही ते कळल्यासारखे वाटते. डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. पहाटे उठणारा, देवपूजा न चुकवणारा, कर्ज काढायला भिणारा, सरकारने घरात फार डोकावू नये आणि मुलांनी वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये असे मानणारा, नव्या गोष्टीकडे आधी संशयाने आणि मग सवडीने पाहणारा असा एक सद्गृहस्थ! मतही तो अशाच पक्षाला देतो, की जो धर्म, घर आणि परंपरा यांची भाषा बोलतो. हे चित्र खोटे नाही. पण या सद्गृहस्थाला बरोबर घेऊन थोडा प्रवास केला, तर चित्रातले रंग हलू लागतात. त्यासाठी काशी-रामेश्वर करायला नको. एक पालघर जिल्हा पुरे आहे.

समजा, आपले हे गृहस्थ पालघर गावात राहतात. बाजारात त्यांचे दुकान आहे, घरी सण-वार यथासांग होतात. येथे त्यांचे मत हवेसारखे आहे. आहे हे कळतसुद्धा नाही. शेजारी तेच बोलतो, गिऱ्हाईक तेच बोलते, स्टेशनवर भेटणारा मास्तरही तेच बोलतो. ‘तुम्ही असे का मानता?’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नाही, आणि त्यामुळे त्याचे उत्तरही त्यांनी कधी शोधलेले नाही.

दरवर्षी १४ ऑगस्टला ते गावातल्या हुतात्मा स्तंभापुढे हात जोडतात. १९४२ साली याच दिवशी पालघरच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण धारातीर्थी पडले. त्यांचे स्मरण ही आता गावाची परंपरा आहे, आणि परंपरा राखणे हा आपल्या गृहस्थांचा धर्मच. पण ते पाच जण त्या दिवशी घरातून निघाले होते ते काही जुने राखण्यासाठी नव्हे; चालू राज्य उलथून टाकण्यासाठी निघाले होते. त्या वेळच्या शहाण्यासुरत्या, राजनिष्ठ, ‘कशाला हवी ही धामधूम’ म्हणणाऱ्या लोकांच्या लेखी ते माथेफिरू ठरले असतील. आज आपण जे भक्तिभावाने जपतो, त्यातले पुष्कळसे एके काळचे बंड असते.

आता गृहस्थांना गाडीत बसवू. उमरोळी मागे पडले की बोईसर. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली, आणि या शांत किनाऱ्यावर सारा हिंदुस्थान वस्तीला आला. येथे गृहस्थांच्या एका बाजूला मल्याळी कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली आणि समोरच्या चाळीत बिहारहून आलेले कामगार. मौज अशी की, हे सारेच जुन्या मताचे! एकाचे ओणम चुकत नाही, दुसऱ्याची दुर्गापूजा, तिसऱ्याची छठ. पालघरच्या बाजारात ‘आपले जुने’ म्हणजे ‘जुने’ एवढाच अर्थ होता. येथे ते अनेक जुन्यांपैकी एक झाले. अशा ठिकाणी माणसाला दोन मोह होतात. एक, तोंड मिटून बसावे आणि आपले दिवे आपल्या दाराआड लावावेत. दुसरा, आवाज चढवावा आणि शेजाऱ्याच्या सणाला ‘बाहेरचा’ म्हणावे. दोन्ही मोहांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आपल्याभोवती आपल्यासारखेच लोक असण्याची लागलेली सवय. ती सवय म्हणजे श्रद्धा नव्हे, हे बोईसरला आल्याखेरीज कळत नाही.

बोईसरहून आणखी उत्तरेला, गुजरातच्या हद्दीशी तलासरी आहे. येथे आले की आपले गृहस्थ थोडे दचकतील. हा मुलूख लाल बावट्याचा. डहाणू विधानसभा मतदारसंघाने, ज्यात तलासरी येते, २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत मार्क्सवादी पक्षाचा उमेदवार निवडून दिला. ‘हे सगळे नव्या मताचे लोक!’ असे गृहस्थ मनाशी म्हणतील. पण घरात डोकावून पाहा. आजोबांनी बावटा धरला, वडिलांनी धरला, म्हणून नातू धरतो. वडिलांची शिकवण मोडायची नाही, हाच त्याचा भाव. येथे लाल बावट्याला मत देणारा परंपरा पाळतो, आणि गृहस्थांच्या पक्षाला मत देणारा तरुण घरची रीत मोडतो! शिवाय त्याच घरात कणसरीची पूजा आहे, वाघोबाला मान आहे, तारप्याच्या सुरावर फेर आहे. त्यांच्यापुढे आपली षोडशोपचार पूजा अलीकडची वाटावी.

हे कोडे केवळ आपल्याच जिल्ह्याचे नव्हे. अमेरिकेत १९६४ साली वर्णभेदाविरुद्धचा नागरी हक्कांचा कायदा झाला, तेव्हा एकाच डेमोक्रॅटिक पक्षाचे दक्षिणेकडचे बहुतेक प्रतिनिधी विरोधात आणि उत्तरेकडचे बहुतेक बाजूने उभे राहिले. पक्षापेक्षा प्रदेश बलवत्तर ठरला. आपल्याकडे टिळकांचे उदाहरण तर घरचेच आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी कडवा विरोध केला. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, हे त्यांचे म्हणणे. सुधारकांनी त्यांना सनातनी म्हटले. त्याच टिळकांना सरकारने १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल मंडालेला धाडले. मग टिळक जुन्या मताचे की जहाल? उत्तर कोणत्या दारातून पाहता यावर आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘म्हणजे सारेच सापेक्ष! ज्या गावाच्या बोरी त्याच गावाच्या बाभळी. मग मत हवे कशाला?’ असे मला मुळीच म्हणायचे नाही. मी स्वतः जुन्या मताकडे झुकणारा माणूस आहे. पिढ्यान् पिढ्यांनी घासूनपुसून वापरलेल्या गोष्टीत काही शहाणपण असते, ते एका रात्रीत फेकून देऊ नये, असेच मला वाटते. म्हणूनच या प्रवासातला पुढचा, अवघड मुक्काम टाळता येत नाही.

तलासरीचा बावटा आला कोठून? १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेमागे वारली उभे राहिले, ते वेठ आणि लग्नगडीची चाल यांविरुद्ध. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि नवराबायकोने त्याच्या घरी वर्षानुवर्षे गड्यासारखे राबायचे, ही ती चाल. जमीनदार काय म्हणत होता? ‘हे वाडवडिलांपासून चालत आले आहे.’ वाक्य ओळखीचे वाटते ना? आपण आपल्या देव्हाऱ्यासाठी जे वाक्य वापरतो, तेच त्याने वेठीसाठी वापरले. तेव्हा नुसते ‘जुने’ हे कोणत्याही गोष्टीचे समर्थन होऊ शकत नाही. त्या जुन्याची किंमत कोण मोजतो, हे विचारावेच लागते. माझा उपास मला पडतो, म्हणून तो माझा आचार. दुसऱ्याने उपाशी राहून चालवलेली माझी रीत हा आचार नव्हे, अत्याचार आहे.

आणि याची उलट बाजूही तितकीच खरी. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. वाढवणच्या बंदराला १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये संमती दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या त्या बंदराचा पायाभरणी समारंभ पालघरला झाला. वीज हवी, बंदर हवे, मुलांना काम हवे, हे म्हणणे खोटे नाही. पण किनाऱ्यावरचा मच्छीमार जेव्हा म्हणतो, ‘आमच्या बापजाद्यांचा समुद्र आहे, तो आम्हांला राहू द्या,’ तेव्हा तो कोणती भाषा बोलतो? ती अस्सल जुन्या मताची भाषा आहे! घर, दैवत, पूर्वजांचा धंदा, सरकारने त्यात हात घालू नये, सारे काही तिच्यात आहे. आपल्या गृहस्थांनी ती भाषा ओळखायला हवी. ओळखून शेवटी त्यांनी बंदराच्या बाजूने कौल दिला तरी हरकत नाही. पण मच्छीमाराला ‘प्रगतीच्या आड येणारा’ म्हणून वाटेला लावण्याचा अधिकार इतर कोणाला असला तरी त्यांना नाही. स्वतःच्या अंगणातली तुळस हलवायला जो तयार नाही, त्याने दुसऱ्याचे गाव हलवण्याची गोष्ट हलक्या आवाजात बोलावी.

म्हणून मला वाटते, जुन्या मताच्या माणसाने आपले मत अधूनमधून परगावी नेऊन पाहावे. जेथे कोणी मान डोलवत नाही, तेथेही जे टिकते, ते आपले. जे केवळ गावच्या बाजारात टिकत होते, ते बाजाराचे होते. आणि जे टिकले, त्याच मापाने दुसऱ्याचे जुने मोजावे. एवढे केले तर मत बदलेलच असे नाही. बहुधा बदलणार नाही. मात्र ते मांडताना आवाजाला जी धार येते, ती जाईल.

दिवाळीत घरोघरी पाहुणे येतील. एखादा भाऊ बोईसरच्या कारखान्यातला, एखादे व्याही पालघरचे, शेजारी सातपाटीचे. चकलीबरोबर राजकारण निघणारच. ते निघू नये असे म्हणणे म्हणजे फराळाला तिखट नको म्हणण्यासारखे आहे. निघाले की एकच करावे. समोरच्याला ‘तुमचा पक्ष कोणता?’ असे विचारण्याऐवजी ‘तुम्हांला काय जपायचे आहे?’ असे विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.