दोन्ही बाजूंत काय मिळवायचं?

ऑगस्ट २०१० मध्ये गणितज्ञांची जागतिक परिषद हैदराबादेत भरली. भारतात ती प्रथमच होत होती. फील्ड्स पदकं दिली गेली तीही राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. पण आईबापांच्या तोंडी या शहराचं नाव गणितासाठी आलं ते त्याच्या कितीतरी आधी. नल्लाकुंट्यातल्या चुक्का रामय्यांच्या आयआयटी वर्गात शिरायलाही प्रवेशपरीक्षा द्यावी लागे. आता तर गल्लोगल्ली ज्युनियर कॉलेजं आहेत आणि त्यांच्या भिंतींवर रँक मिळवणाऱ्यांचे फोटो.

या वर्गांत बहुपदी समीकरणं कशी सुटतात? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तलंच एक घेऊ. एका संख्येच्या चौथ्या घातातून तिच्या वर्गाची दुप्पट आणि तिची चारशेपट वजा केली की ९९९९ उरतात. ती संख्या कोणती? समोर चार पर्याय असतील तर तयारीचा मुलगा ११ घालून पाहतो. १४६४१ वजा २४२ वजा ४४००. जमलं, पुढचा प्रश्न. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आयआयटीची मुख्य परीक्षा २००५पर्यंत पायऱ्या लिहून घेत असे. २००६पासून ती पूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली. ज्याला गुण नाहीत ते शिकवायला क्लासवाल्याला वेळ कुठून असणार?

भास्कराचार्यांनी काय केलं ते पाहा. दोन्ही बाजूंत त्यांनी संख्येच्या वर्गाची चौपट, संख्येची चारशेपट आणि वर एक मिळवला. डावीकडे ‘वर्ग अधिक १’ याचा पूर्ण वर्ग झाला, उजवीकडे ‘दुप्पट अधिक १००’ याचा. वर्गमूळ घेतलं की चौथा घात दुसऱ्यावर उतरतो. ११ तर मिळतातच, शिवाय उणे ९ हेही मूळ दिसतं. आणि वर्गमुळाचं दुसरं चिन्ह घेतलं तर उरलेली दोन मुळं संमिश्र आहेत हेही कळतं. पर्याय घालून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

पण नेमकं हेच मिळवायचं, हे सुचलं कसं? इथे स्वतःची बुद्धी चालवावी लागते, असं भास्कराचार्य सांगतात आणि पुढे जातात. माझ्या मते शिक्षकाने इथेच थांबावं आणि ९९९९च्या जागी १०००० लिहावेत. उत्तर ११च्या किंचित पुढे सरकतं आणि उजवीकडचा सुबक वर्ग मोडतो. आता काय मिळवायचं? सोळाव्या शतकात इटलीच्या फेरारीला याचं उत्तर सापडलं. डावीकडे ‘वर्ग अधिक १’ऐवजी ‘वर्ग अधिक काहीतरी’ घ्या. ते काहीतरी किती असलं म्हणजे उजवीकडेही पूर्ण वर्ग होईल, हे शोधायला तिसऱ्या घाताचं एक समीकरण सोडवावं लागतं. १५४५ साली कार्डानोच्या ग्रंथात ही रीत छापली गेली. भास्कराचार्यांना एका उदाहरणात जे सुचलं, ते आता कुणालाही करता येऊ लागलं.

पाचव्या घाताला हा रस्ता बंद होतो. चार मूलभूत क्रिया आणि मुळं काढणं एवढ्यावर तिथे सर्वसाधारण सूत्र बनत नाही, हे आबेलने १८२४ मध्ये दाखवलं. सूत्र संपलं, वर्ग पूर्ण करण्याची पायरी मात्र संपली नाही. समीकरणाच्या दुसऱ्या पदाचा सहगुणक घाताने भागून चल तेवढ्याने सरकवला की ते पद नाहीसं होतं, मग घात पाच असो की पन्नास. उज्जैनला जन्मलेले, पर्ड्यूला शिकवणारे आणि पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभारणारे श्रीराम अभ्यंकर या शाळकरी बीजगणिताचे कट्टर अभिमानी होते. त्यांचं पहिलं मोठं काम झालं ते ही पायरी जिथे अडते तिथे: कुठलीतरी अविभाज्य संख्याच शून्य मानलेल्या अंकगणितात, जिथे घाताने भागण्याची खात्री उरत नाही. दोन म्हणजेच शून्य असेल तर निम्मं कसं करणार आणि वर्ग कसा पूर्ण होणार? वर्ग पूर्ण करताना आपण निम्मं का करतो हे ज्याला कळलंय, अशा अकरावीतल्या पोरालाही हा प्रश्न विचारता येतो.