सारथ्याची जागा

दिवाळीच्या फराळाबरोबर युद्धाचा विषय काढणे काहीसे अप्रशस्तच. पण गेल्या भाऊबीजेची एक लहानशी गोष्ट माझ्या मनातून जात नाही, ती वाचकांपुढे ठेवतो.

माझा एक जुना विद्यार्थी, धुळ्याचा, सैन्यातून रजेवर आला होता. आईला घेऊन तो जळगावला माझ्या घरी आला आणि पाया पडून म्हणाला, "सर, तुमची भाषणे ऐकूनच मी भरती झालो." मी सुखावलो. इतक्यात त्याच्या आईने विचारले, "गुरुजी, तुमना पोऱ्या काय करस?"

मी म्हणालो, "पुण्याला इंजिनिअरिंगला आहे."

"बरं शे," एवढेच ती म्हणाली. स्वरात टोमणा नव्हता. म्हणूनच तो प्रश्न अधिक लागला.

त्या रात्री मी रेमार्कची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' पुन्हा काढली. पुस्तकरूपाने ती १९२९ साली आली. रेमार्क स्वतः १९१७ मध्ये, जेमतेम एकोणिसाव्या वर्षी, त्या आघाडीवर होता. कादंबरीतला कांटोरेक हा शिक्षक वर्गातल्या पोरांना देशभक्तीचे पाठ देऊन भरतीच्या कचेरीत नेतो. बेम नावाच्या मुलाला जायचे नसते. पण भेकड म्हणवून घेण्याचे धैर्य त्याला होत नाही. पहिल्या बळींत तोच असतो.

मग शिक्षकाने त्याग शिकवूच नये काय? हे मला पटत नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये आमच्या खानदेशातल्या नंदुरबारला तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता गोळ्या लागून पडला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याचे मरण व्यर्थ होते असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले साने गुरुजीही मुलांना त्यागच शिकवीत. पण १९३० साली त्यांनी शाळा सोडली आणि स्वतः तुरुंग पत्करला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. त्या गीतेतला अर्जुनही बेमसारखा 'नाही' म्हणतो, आणि कृष्ण त्याला लढायला लावतो. मग कृष्णात आणि कांटोरेकात फरक कोणता?

एक उघड आहे. कृष्णाने शस्त्र धरले नाही, पण लगाम हाती घेऊन तो अर्जुनाच्या पुढे बसला. बाण त्याच्याही अंगावर येत होते. मात्र एवढ्याने भागत नाही. कांटोरेकलाही पुढे गणवेश चढवावा लागतो. त्याने बेम परत येत नाही. खरा फरक शेवटी आहे. अठरा अध्याय अर्जुनाच्या शंकांना उत्तरे देऊन कृष्ण म्हणतो, आता तुला वाटेल तसे कर. बेमला ही मोकळीक कोणी दिली नाही. ज्या वर्गात 'नाही' म्हणणाऱ्याला लाज वाटते, तिथल्या 'हो'ला त्याग कसे म्हणावे?

माझ्या वर्गात कोणी 'नाही' म्हणू शकला असता का? खरे सांगायचे तर, नसता.

यंदा तो विद्यार्थी दिवाळीला येऊ शकणार नाही. त्याच्या आईला द्यायचे उत्तर अजून माझ्यापाशी नाही. स्वातंत्र्यदिनाचे भाषण मी अजूनही करतो. पण ती माउली पहिल्याच बाकावर बसली आहे असे समजून करतो. भाषण पुष्कळच लहान होते.